रविवारी बसणारी टाकी

सामूहिक योजनेनं घराचं बिल खरंच कमी होतं का, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. कुठल्या तरी अपार्टमेंटमध्ये सगळ्यांनी मिळून सोलर बसवायचं चाललेलं असतं, कुठे घाऊक भावात कमी विजेचे दिवे घ्यायचे असतात. आमच्या गल्लीनं असला एक उद्योग केला होता, हे त्यांच्या कानावर आलेलं असतं. मी आधी उलट विचारते, "तुमच्यात रविवारी काय शिजतं?" माणसं हसतात. मी चेष्टा करत नसते.

नव्वदच्या दशकात आम्ही कसबा बावड्याच्या टोकाला राहायचो. गल्ली संपली की ऊस सुरू व्हायचा. घराच्या पुढच्या खोलीत आमची पिठाची गिरणी. भल्या सकाळी नवरा चालवायचा, बाकी दिवसभर मी. गिरणीच्या आवाजात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. त्यामुळे गल्लीतली कुठलीही गोष्ट दळण होईपर्यंत सगळ्यांना कळलेली असायची.

त्या काळात स्वयंपाकाच्या गॅसचं कनेक्शन मिळवायचं म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं विसरून जायचं. ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडेही सिलिंडर एकच. तो संपला की पुढचा येईपर्यंत स्टोव्ह. रॉकेल रेशनवर, तेही आलं तर. त्यामुळे घरोघरी सगळंच थोडं थोडं असायचं. परसात चूल, ओट्यावर स्टोव्ह, न्हाणीत पाणी तापवायला तांब्याचा बंब. जळण म्हणून शेण्या, म्हणजे शेणाच्या वाळवलेल्या गोवऱ्या, आणि गुऱ्हाळावरून आणलेलं उसाचं चिपाड.

आमच्या समोर एक वहिनी राहायच्या. त्यांचा नवरा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डर होता. पाठ गेली, उभं राहता येईना, काम सुटलं. वहिनींनी मग त्याच फौंड्रीतल्या कामगारांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली. साडेअकराला टेम्पो कोपऱ्यावर यायचा आणि डबे घेऊन जायचा. घर त्यावरच चालायचं, दुसरं काही नव्हतं. चव चांगली होती, गिऱ्हाईक पक्कं होतं, पण डब्यातून सुटायचं त्यातलं निम्मं रॉकेलात जायचं. रेशनचं पुरायचं नाही, मग जास्तीचं कुठून आणि कसं आणतात ते सगळ्यांनाच माहीत होतं.

"माझं घर मी चालवत न्हाई ओ," त्या दळण ठेवताना म्हणायच्या, "स्टोव्ह खातोय त्यातनं उरंल तेवढंच आमचं."

अशात एक दिवस सरकारी योजनेचा साहेब गल्लीत आला. त्याला घेऊन आले आमचे चेअरमन. चेअरमन म्हणजे पलीकडच्या घरचे काका. ते कधीकाळी दूध संस्थेचे चेअरमन होते. मुदत संपली, पद गेलं, नाव राहिलं. साहेबानं गिरणीच्या भिंतीला एक रंगीत तक्ता टांगला आणि सांगितलं, सगळ्या गल्लीनं मिळून एक मोठा गोबर गॅस बांधा. म्हशी तुमच्याकडे आहेतच. शेण एकत्र करा, पाइपनं प्रत्येक घरात गॅस न्या. अनुदान मिळेल, जळणाचा खर्च निम्म्यावर येईल. एकट्यानं बांधलं तर परवडत नाही, सगळ्यांनी मिळून बांधलं तर परवडतं. त्यानं घरटी विचारून घेतलं, माणसं किती, जनावरं किती, दिवसातून चूल किती वेळा पेटते. सरासरी काढली आणि टाकीचं माप ठरवलं.

आम्हाला ते पटलं. साहेब कोल्हापूरचा नव्हता, एवढी एकच गोष्ट तेव्हा लक्षात घ्यायला हवी होती. पण आम्ही तर कोल्हापूरचेच होतो, आणि आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात ते आलं नाही.

गल्लीच्या शेवटी मोकळी जागा होती, तिथे विहिरीसारखा खड्डा बांधला. त्यात शेण आणि पाणी कालवून घालायचं. वर लोखंडी टाकी पालथी घातलेली. खाली गॅस जमेल तशी ती टाकी वर यायची आणि गॅस वापरला की खाली बसायची. म्हणजे गल्लीचा गॅस किती शिल्लक आहे हे कुणीही घराच्या पायरीवर उभं राहून बघू शकायचं. "टाकी कुठंवर आलीय?" हा प्रश्न काही दिवसांत "जेवलासा का?" इतका नेहमीचा झाला.

नियम साधे होते. म्हशी असलेल्यांनी शेण द्यायचं, नसलेल्यांनी महिन्याला वर्गणी द्यायची, शेण कालवायची पाळी सगळ्यांनी धरायची. वहिनींकडे जनावर नव्हतं आणि गॅस त्यांनाच सगळ्यात जास्त लागणार होता. त्यांनी वर्गणी जास्त देईन असं आपण होऊन सांगितलं. पाइपाच्या खर्चातला वाटा भरायला त्यांनी आपले दोन मोठे पंपाचे स्टोव्ह विकले.

मी त्यांना म्हटलं होतं, "वहिनी, एक तरी ठेवा की."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "ठेवला की रॉकेल आणायचं मन हुतंय."

टाकी सुरू झाली श्रावणात. पहिल्या सोमवारी नारळ फोडला. निळी ज्योत सगळ्या घरांत पेटली आणि बायका एकमेकींच्या ओट्यापाशी जाऊन बघून आल्या. भांडी काळी होत नव्हती. डोळ्यांत धूर जात नव्हता. टाकी सकाळी वर असायची, दुपारपर्यंत निम्मी बसायची आणि रात्रीतून पुन्हा भरायची. घड्याळासारखं काम. चेअरमन बाहेरच्या माणसांना टाकी दाखवायला आणू लागले. आलेल्या पाव्हण्याला चहा आधी की टाकी आधी, याचा त्यांनी घोळ कधी घातला नाही. टाकी आधी.

श्रावण गेला, गणपती आले आणि गेले.

गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी गिरणीत होते. समोरून वहिनी आल्या, दोन्ही हात पिठानं भरलेले, पदर खोचलेला. गिरणी बंद करायची त्यांनी हातानंच खूण केली. मी पट्टा थांबवला.

"गॅस गेला," त्या म्हणाल्या. "भाकरी तव्यावर हाय आणि खाली जाळ न्हाई."

मी बाहेर येऊन टाकीकडे पाहिलं. टाकी खड्ड्यात तळापर्यंत बसलेली. दहासुद्धा वाजले नव्हते. आणि मग नाकाला ते कळलं. सगळ्या गल्लीत एकच वास सुटला होता. खोबरं, तीळ, कांदा भाजल्याचा आणि मटणाचा. दीड महिन्यानंतर उघडलेलं तोंड. प्रत्येक घरात एका शेगडीवर मटण रटरटत होतं, दुसरीवर मसाला, आणि सगळं एकाच वेळी. साहेबानं सरासरी काढली होती. आमच्या गावात रविवारी सकाळी सरासरी नसते.

शिरोलीच्या त्या फौंड्रीला सुट्टी सोमवारी. रविवारी तिथे भट्ट्या चालू आणि माणसं जेवणाची वाट बघणार. माझ्या सासूबाईंनी परसातली चूल पेटवली, मी आणि वहिनी भाकऱ्या थापायला बसलो. तरी टेम्पो आला तेव्हा निम्मेच डबे भरले होते. ते गेले. उरलेले माझा नवरा स्कूटरला पिशव्या अडकवून घेऊन गेला, जेवणाची सुट्टी संपता संपता पोचला. परत आल्यावर तो वहिनींशी बोलला नाही, मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिथला सुपरवायझर म्हणतोय, अजून एकदा असं झालं तर डबे शिरोलीतनंच घेणार. तिथं एक जण तयारच हाय."

वहिनींना सांगायचं कुणी, हा प्रश्न नव्हता. त्या दारातच उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी गल्ली गिरणीत जमली. अर्धवट राहिलेलं मटण चुलीवर उरकून सगळ्यांची पोटं भरलेली होती, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना वाईट वाटत होतं.

"साहेबाला बोलवून घेऊ," चेअरमन म्हणाले. "टाकीचं माप चुकलंय."

"साहेब येऊन आमचं मटण शिजवणार हाय व्हय?" माझ्या सासूबाई म्हणाल्या.

"पर श्रावणात तर कसं मस्त चाललं होतं," कुणीतरी म्हणालं.

कोपऱ्यावरच्या घरात एक गुरुजी राहायचे, शाळेत शिक्षक. त्यांचं कुटुंब बौद्ध. ते मागे पोत्यावर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "आमच्यात श्रावण नसतो. आमच्याकडे दर रविवारी मटण होतं आणि गॅस एकदम फर्स्ट क्लास असायचा. मला वाटलं, टाकीच भारी बांधलीय."

 मग सगळ्यात आधी चेअरमनच हसले. मटण खाणाऱ्या गावानं मटण बंद असलेल्या महिन्यात टाकी तपासून घेतली होती. ही चूक दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात झाली नसती.

मग उपाय सुरू झाले. एक जण म्हणाला, वहिनींनी रविवारी पहाटेच करून ठेवावं. वहिनी म्हणाल्या, "पहाटंची भाकरी दुपारी चामड्यागत हुती. एकदा खातील, दुसऱ्यांदा फेकून मारतील." दुसरा म्हणाला, आपण मटण शनिवारी करू. शनिवार मारुतीचा. मग सोमवारी? सोमवार महादेवाचा. गुरुवार कुणाकुणाच्या दत्ताचा, मंगळवार देवीचा. "मग रविवारीच, पर संध्याकाळी करू," असं शेवटी एका तरण्या माणसानं सुचवलं. त्याच्याकडे लोकांनी असं बघितलं की तो उठून पाणी प्यायला गेला.

मी पट्ट्यावरचं पीठ झटकत म्हणाले, "रविवारी बारा वाजेपर्यंत गॅस फक्त वहिनींचा. बाकीच्यांनी आपापले कॉक बंद करायचे आणि मटण चुलीवर करायचं. चूल सगळ्यांच्यात हाय."

पुरुष मंडळी एकदम खूश झाली. चुलीवरच्या मटणाची चव काय सांगावी, गॅसवर मुळात रस्स्याला रंगच येत नाही, आमच्या आजोळी तर असं आणि तसं. ठराव मिनिटात पास झाला.  बायकांकडे मी तेव्हा नीट बघितलं नाही, कारण मला गिरणी बंद करून आत भाकरी टाकायची होती.

पुढचे काही रविवार ठीक गेले. प्रत्येक परसातून धूर निघायचा, टाकी सावकाश बसायची, टेम्पो भरून जायचा. मग एका रविवारी टाकी पुन्हा लवकर खाली गेली. डबे कसेबसे निघाले. त्या दिवशी दळण घ्यायला वहिनी स्वतः आल्या नाहीत, मुलीला पाठवलं. मला ते आवडलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी मी नऊ वाजता गिरणी नवऱ्यावर सोपवली आणि गल्लीतून एक फेरी मारली. फार हुशारीचं काम नव्हतं. प्रत्येक घरातून मटणाचा वास येत होता आणि परसातून धूर येत होता. एका घरातून वास येत होता, धूर नव्हता. घर चेअरमनांचं.

मी मागच्या दारानं गेले. चेअरमनकाकू ओट्यापाशी उभ्या होत्या, शेगडीवर पातेलं, खाली निळी ज्योत. त्यांनी मला बघितलं, दचकल्या नाहीत. पातेल्यावरचं झाकण सरकवलं आणि ढवळत राहिल्या.

"काकू, ठरलंय न्हवं आपलं?"

"तुमचं ठरलंय," काकू म्हणाल्या. "आमाला कुणी इचारलंय? आठवडाभर गॅस म्हणून ऐटीत हिंडायचं आणि रविवारी परत चुलीम्होरं बसून डोळं चोळायचं? चुलीवरच्या रस्स्याला चव म्हणं. चव ह्येंच्या जिभंला, धूर माझ्या नाकात. त्येंना म्हणावं, फुकणी धरून एकदा बसा."

"वहिनींचे डबे बंद झाले तर?"

त्या थांबल्या. कॉक बंद केला, तेही जरा जोरातच. "तिचं वाईट हुया मला कुठं पायजे," त्या म्हणाल्या. "पर माझंबी चांगलं हुया की."

मी बाहेर आले तेव्हा मला त्यांचा राग आलेला नव्हता, आणि याचाच मला राग आला होता. कारण त्यांचं खरं होतं. आमच्या ठरावात जळण वाचत होतं ते वहिनींचं, धूर जात होता तो बाकीच्या बायकांच्या डोळ्यांत, आणि रस्सा वाढून घेत होते पुरुष. असली वाटणी चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. आज काकूंनी कॉक उघडला होता, उद्या मी उघडला असता.

माझं माहेर कोडोलीचं. माझ्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळात गुळाच्या काहिलीखाली, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईखाली, जमिनीत लांब भट्टी असते, तिला आमच्याकडे चुलवाण म्हणतात. एका तोंडातून चिपाड ढकलत राहायचं, जाळ आतून लांबपर्यंत पळतो, धूर दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून वर निघून जातो. जाळ घालणारा माणूस एकच लागतो, आणि तो माणूस नेहमी पुरुष असतो. गुऱ्हाळावर बाईनं चुलवाण घातल्याचं मी लहानपणापासून एकदाही पाहिलं नव्हतं. मला अचानक ही परंपरा फार आवडली.

संध्याकाळी गिरणीत मी सांगितलं. टाकीशेजारी मोकळी जागा आहे. तिथे एक चुलवाण खणायचं. काहिलीच्या जागी एका ओळीत भोकं ठेवायची, प्रत्येक घराचं पातेलं आपापल्या भोकावर. चिपाड गुऱ्हाळावरून आणायचं. रविवारी जाळ पुरुषांनी घालायचा आणि पातेलंही पुरुषांनीच बघायचं. मसाला वाटून द्यायला आम्ही आहोत.

"तालमीच्या जेवणाला शंभर माणसांचा रस्सा करता न्हवं तुम्ही?" मी म्हटलं. "मग घरच्या चार माणसांचा जड जातोय व्हय?"



"आणि जाळ घालायला कोण?" चेअरमनांनी विचारलं.

काकू दारात उभ्या होत्या. "तुम्ही."

"मी? दूध संस्थेचा चेअरमन माणूस, मी चिपाडं ढकलू?"

"बिनविरोध निवडून आलायसा की," काकू म्हणाल्या.

पहिल्या रविवारी पातेली कशी लावायची यावरून थोडं कुजबुजणं झालं. कुणाचं पातेलं कुणाच्या शेजारी, कुणाचा चमचा कुणाच्या रस्स्यात जाऊ नये, असलं सगळं. मी म्हटलं, तोंडाजवळ जाळ जास्त असतो, जो आधी येईल त्याचं पातेलं तोंडाजवळ. गुरुजी शिस्तीचे, ते सगळ्यात आधी आले. त्यांचं मटण सगळ्यात आधी शिजलं आणि वास सुटल्यावर लोक चमचा घेऊन त्यांच्याच पातेल्याशी चव बघायला गेले. त्यानंतर कुजबुज ऐकली नाही. कुणाच्या मनात राहिली असेल तर मला माहीत नाही, पण पुढच्या रविवारपासून सगळे लवकर येऊ लागले.

चेअरमन डोक्याला टॉवेल बांधून चुलवाणाच्या तोंडाशी बसायचे आणि तिथून सगळ्या पातेल्यांवर हुकूम सोडायचे. "तिसऱ्या नंबरचं करपायलंय!" "पाणी वता, पाणी!" महिनाभरात त्यांनी चुलवाणाची कल्पना आपलीच असल्याचं पाव्हण्यांना सांगायला सुरुवात केली.  जाळ घालत होते तेवढं मला पुरेसं होतं. रविवारी सकाळी दोन तास बायकांचे हात मोकळे, ही आमच्या गल्लीत नवीनच गोष्ट होती. सुरुवातीला आम्हाला त्या वेळाचं काय करायचं ते कळायचं नाही. माझ्या सासूबाई तर चुलवाणाजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि कोण कसं ढवळतंय त्याला नावं ठेवायच्या.

समोर वहिनींच्या घरात निळी ज्योत बारा वाजेपर्यंत जळायची. टेम्पो वेळेवर जायचा. फौंड्रीतून पुन्हा निरोप आला नाही. उलट वर्षभरात शेजारच्या कारखान्याचेही डबे त्यांना मिळाले.

आता बिलाचं.

साहेबानं सांगितलं तसं सगळ्यांचं निम्म्यावर आलं का? नाही. आमच्याच घराचं सांगते. रॉकेल वाचलं हे खरं. पण आधी आमच्या दोन म्हशींच्या शेणाच्या सासूबाई शेण्या लावायच्या आणि त्यांवर बंब पेटायचा. शेण टाकीत जायला लागल्यावर शेण्या बंद.

"शेण समदं तिकडं घातलासा," सासूबाईंनी पहिल्याच थंडीत विचारलं, "आता बंबात काय माझी हाडं घालू?"

म्हणजे अंघोळीसाठी लाकूड विकत आणायला लागलं. नवरा सगळ्यांना सांगायचा की स्वयंपाकाचा खर्च केवढा उतरला, पण न्हाणीतला खर्च केवढा चढला ते तो मोजत नव्हता, कारण लाकूड मी आणायचे. शिवाय गॅस फुकट आहे अशी एक भावना घरात शिरली. आधी दोन वेळा होणारा चहा दिवसातून कितीही वेळा व्हायला लागला. गॅस फुकट होता, दूध, साखर आणि चहापूड फुकट नव्हती. शेजारपाजारीही थोड्याफार फरकानं हेच. बहुतेक घरांचं वर्षाअखेरीला होतं तिथल्या तिथेच राहिलं.

बिल खरं उतरलं ते एका घराचं, वहिनींचं. कारण त्यांच्या खर्चात जळण हाच मोठा आकडा होता आणि बंबाला घालायला त्यांच्याकडे आधीही शेण्या नव्हत्या. त्यांचं जे वाचलं त्यातून त्यांनी आधी मोठी भांडी घेतली, मग मदतीला एक बाई ठेवली. नवऱ्याच्या पाठीवरचे उपचार सुरू ठेवता आले. तो भाज्या चिरायला, डबे लावायला बसू लागला. बाकीच्या आम्हाला पैसा मिळाला नाही, धूर नसलेलं स्वयंपाकघर मिळालं. सासूबाईंचा सकाळचा खोकला गेला. याचं बिल कुणी पाठवत नाही म्हणून ते कुठल्या तक्त्यात दिसत नाही.

दोन हजार सालानंतर चित्र पालटलं. सिलिंडर सहज मिळू लागले, एकाचे दोन झाले. उसाच्या शेतांचे प्लॉट पडले, वैरण महाग झाली, एकेका घरातून म्हशी गेल्या. शेण कमी पडू लागलं, तशी टाकी सकाळीही अर्धीच वर यायची. एक घर गेलं, दुसरं गेलं. कुणी भांडून गेलं नाही. पाळी धरायला माणूस नाही म्हणायचे, आणि ते खरंच असायचं. नोकऱ्या लागल्या होत्या, मुलं शिकायला बाहेर होती.

आम्हीही सिलिंडर घेतला. पण आमच्या म्हशी होत्या तोवर शेण टाकीतच जात राहिलं, कारण समोर वहिनी होत्या. चेअरमनांचंही तसंच. शेवटी शेवटी उरलेल्या जनावरांचं सगळं शेण मिळून एकट्या वहिनींची खानावळ चालायची. त्या दर महिन्याला म्हणायच्या, "किती दिवस माझ्यासाठी करणार तुम्ही?" आणि सासूबाई म्हणायच्या, "आमी कुठं करतोय, म्हस करतीय."

मग एका वर्षी आमच्या म्हशी विकायच्या ठरल्या. सासूबाईंना आता होत नव्हतं आणि मला गिरणी सोडून धारा काढायला वेळ नव्हता. मी आधी वहिनींकडे गेले. मला वाटलं होतं की अवघड बोलणं होईल. त्यांनी मला आत नेलं आणि दाखवलं. भिंतीशी धंद्याचे दोन मोठे सिलिंडर उभे होते, नवी शेगडी, वर धूर ओढणारा पंखा. महिनाभरापूर्वीच आणलं होतं.

"मग टाकीवर कशाला चालवताय अजून?" मी विचारलं.

"तुम्ही शेण घालायलाय," त्या म्हणाल्या, "आणि मी नगं म्हणू? बरं दिसंल व्हय?"

म्हणजे आम्ही त्यांच्यासाठी शेण घालत होतो आणि त्या आमच्यासाठी गॅस जाळत होत्या. दोघींनाही हसू आवरेना. त्यांचा नवरा भाजी चिरता चिरता विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

टाकी बंद करायचा ठरलेला दिवस रविवार होता, कारण सगळे रविवारीच घरी असायचे. सकाळी वहिनींनी पहिल्यांदा सिलिंडरवर डबे केले. दहाच्या सुमाराला त्या पायरीवर आल्या. टाकी जेवढी वर आली होती तेवढीच होती. रविवार सकाळचा गॅस त्यांचा होता आणि त्यांना तो नको होता. गल्लीत ज्यांचे पाइप अजून जोडलेले होते त्या सगळ्यांचे कॉक सवयीनं बंद होते.

"अवो, उघडा की आता!" त्या गल्लीभर ओरडल्या. "संपवा तेवढा! माझं झालंय!"

कुणी आत गेलं नाही. मोकळ्या जागेत चुलवाण कधीच पेटलं होतं, पातेली ओळीनं लागली होती. चेअरमन आता बरेच म्हातारे झाले होते. ते डोक्याला टॉवेल बांधून चुलवाणाच्या तोंडाशी बसले होते आणि त्यांना मागे वळायलाही वेळ नव्हता.

"ऱ्हाऊंद्या की, वहिनी," ते तिकडूनच म्हणाले. "इथं जाळ लागलाय. तुम्ही भाकऱ्या घेऊन या."

वहिनी आत गेल्या आणि टोपलीभर भाकऱ्या घेऊन आल्या.